आढ्याचं कणीस

आये, तू कायमची विसराळू. गेलीस त्या दिवशीही चुलीवर दूध तसंच ठेवून गेलीस, ते मलाच उतरवावं लागलं. म्हणून आधीच सांगते, मी तुझी थोरली. अक्षराला मी अजून तुझ्यासारखीच कोरी, मी बोलते आणि माझी नात लिहिते. ती संगमनेरला संगणकाचं शिकते आणि माझं ‘हाय’ ‘आहे’ करून टाकते, तेव्हा म्हातारपणी मी शहाणी झाले असं समजू नकोस.

गेल्या रविवारी ती संगणकानं छापलेल्या, कडेला भोकं पाडलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली आणि जेवायला उठेना. तिनं आणि तिच्या सरांनी एक प्रोग्रॅम केलाय, दुसऱ्या कॉलेजातली मुलं तो आपापल्या कामाला जोडून घेतात. त्यात संगणक एका कोड्याची शंभर कच्ची उत्तरं काढतो, बरी तेवढी निवडतो, त्यांची आपसांत मिसळ करून पुढची पिढी काढतो. मी म्हटलं, “माझी आय बाजरीचं बी असंच राखायची की. ह्येच शिकायला एवढ्या लांब गेलीस व्हय?” हसली नाही. निवडीचा सगळा भाग तिनं नव्यानं लिहिला होता, आणि आता उत्तरं वाईट येत होती; बुधवारी त्या मुलांना फ्लॉप्या टपालानं जायच्या होत्या, आणि चुकलं असेल तर त्या सगळ्या मुलांचं काम वाया. “आजी, यात नशिबाचा भाग असतो, दर वेळी उत्तर वेगळं येतं. चूक माझी का नशिबाची, कसं ओळखू?”

तेव्हा तू आठवलीस. मामानं श्रीरामपूरहून नवं बी आणलं, तर तू सगळं वावर त्याला दिलं नाहीस. जुनं आणि नवं शेजारी शेजारी, एकाच दिवशी पेरलंस. मामा फुगून बसला. तू म्हणालीस, “दादा, पाऊस दोघास्नी सारखा पडू दे, मग बोलू.” मी नातीला तेच सांगितलं. सोमवारी पहिल्या एसटीनं गेली, जुना आणि नवा प्रोग्रॅम एकाच पहिल्या पिढीपासून वीसदा चालवला, आणि संध्याकाळी दोन गठ्ठे घेऊन परतली. नवा वीसही वेळा मागं. नशिबाला बोल लावायची सोय संपली.

“वाच,” म्हटलं. ती दर पिढीतल्या सगळ्यात चांगल्या उत्तराचा आकडा वाचतेय, मी शेंगा सोलतेय. जुना चढतो नाहीतर थांबतो, उतरत कधीच नाही. नवा चढतो, घसरतो, परत चढतो. मी शेंग खाली ठेवली. “पोरी, आढ्याचं कणीस मळणीत घातलंस तू.”

तू मळणीआधी सगळ्यात भरलेली कणसं बियाण्यासाठी घराच्या आढ्याला टांगायचीस, त्यांना कुणी हात लावायचा नाही. जुन्या प्रोग्रॅमात सगळ्यात चांगलं उत्तर असंच बाजूला राखलेलं होतं. नवं लिहिताना ते राखायचं राहून गेलं आणि तेही मिसळीत हरवायचं. मंगळवारी तिनं दुरुस्त केलं, पुन्हा वीसदा चालवलं, नवा बहुतेकदा पुढं. फ्लॉप्या गेल्या.

आता विचारते, “आजी, तुला इतक्या झटकन कसं कळलं?” म्हणून हे पत्र, आणि ते टपालाच्या पेटीत टाकायचं नाही असं बजावलंय. आये, एका वर्षी आढ्याची कणसं नाहीशी झाली ना, ती शेळीनं खाल्ली नव्हती. कोळ्याची जाळी झाडताना माझ्या हातून पडली, परत बांधायचा कंटाळा आला, मी मळणीच्या खळ्यात टाकून दिली. मार शेळीनं खाल्ला.

रागावून काही पाठवू नकोस. पाठवायचंच तर हुलग्याची शेंगोळी पाठव, लसूण बक्कळ घालून. आणि पहिली वाटी शेळीला घाल.