लग्नाला पस्तीस दिवस, न खेळलेले गेम सतरा

४ जानेवारी, रवि.
लग्नाला पस्तीस दिवस. विकत घेऊन एकदाही न उघडलेले गेम सतरा. आज मोजले, कारण सकाळी आई ओट्यावर बसून केळवणाला कोण कोण बोलावणार ते बोटांवर मोजत होती. तिची अकरा घरं झाली. म्हणजे माझ्या अकरा संध्याकाळी गेल्या. दर घरी एक साडी, पोट फुटेस्तोवर जेवण आणि 'सुकली गो पोर'. सुकली कुठली? ब्लाऊज बसत नाय जुने.

घाई का, तर PC. बाबा म्हणाले, "ते धूड धसईला सासरी नेऊन ठेवणार कुठं? हितंच राहू दे." नितेशला विचारलं तर म्हणे, "बघू गं." (याला इथून पुढे नि. लिहिणार. पूर्ण नाव लिहिण्याएवढा तो अजून माझा झालेला नाही.) त्यांच्याकडे तीन खोल्या, माणसं सहा, मी सातवी. जी खोली आमची होणार तिच्यात सध्या भाताच्या गोणी आहेत.

सेतू सेंटरवर दिवसभर लोकांचे दाखले आणि सातबारे काढून, तीन वर्षांत एकेक पार्ट आणून मी हा PC स्वतः जोडलाय. तो यांना धूड.

तर आता जे काय खेळायचं ते पस्तीस दिवसांत. सतरा होणार नाहीत. निवडायचे.

६ जाने.
छाटणी. गेमची खरी नावं इंग्रजी, लांबलचक. मी माझी ठेवली आहेत.

वीस तासांच्या वरचे सरळ बाद. सात गेले. त्यात 'राज्य' गेला. नव्वद तास! तीन वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतलेला, 'निवांत टाइम मिळाला की' म्हणून. मूर्ख बाई. कधी मिळणार होता निवांत टाइम?

भुतांचे दोन बाद. मागून आई न ठोकता दार उघडते, तेवढं भूत पुरे. नेटवर चौघांनी मिळून खेळायचा एक बाद, आमचं नेट वारा आला की जातं.

उरले सात. दीपगृह, खून, शेती, जहाज, चोर, मांजर, रेल्वे.
रेल्वेचा का घेतला होता कोण जाणे.

८ जाने.
पहिलं केळवण, डोळखांबला आत्याकडे. तांदळाचे वडे, कोंबडी, वर श्रीखंड. आत्या ताटात वाढतच होती. "खा गो, तिकडं गेल्यावं घास तोंडात जायला दुपार होईल." सगळ्या बायका हसल्या. मला नाही हसू आलं. यांना सगळं माहीत आहे तिकडं काय होणार ते, आणि तरी पाठवतायत. वर खाऊ घालून. बोकडालाही असंच घालतात.

गेम: शून्य.

११ जाने., रवि.
नि.चा फोन. घरी काय करतेस म्हणाला. खरं सांगितलं. वाटलं हसेल, किंवा तो 'बघू'वाला आवाज काढेल. तर म्हणाला, "अरे भारी! तुझा आयडी दे ना. मला पण दिसू दे काय खेळते ते." दिला. फ्रेंड लिस्टमध्ये घेतला. मग म्हटलं, सात आहेत, तूच सांग पहिला कुठला. त्यानं नावं नीट वाचली, दोनदा विचारलं, मग म्हणाला, "शेती. सासरी उपयोगाला येईल."

एक मिनिट बरा वाटला. लिहून ठेवते.

१३ जाने.
सकाळी साडेपाच ते साडेसात हाच माझा टाइम. मग आवरून एसटी. शेती उघडला. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे.
"काय करते?"
"भोपळा लावते."
"आन् त्याला पानी कोन घालतो?"
"मीच."
"काल वालाला पानी दे म्हटलं तर कंबर दुखत होती तुजी."
शेती बाद. बाबांचं म्हणणं खरं आहे याचाच जास्त राग आला. नि.ला कळवलं नाही. दीपगृह सुरू केला. आठ तासांचा आहे.

१७ जाने.
दीपगृह संपला! एक बाई, एक बेट, एक दिवा. वादळात ती दिवा विझू देत नाही, एवढीच गोष्ट. शेवटी रडले. सकाळी सात वाजता, टॉवेल डोक्याला गुंडाळून. आई म्हणाली, "आता काय झालं? सासरी जायचं म्हणून रडते का?" हो म्हटलं. तिला बरं वाटलं.

सतरातला एक झाला. आज सेंटरवर कोणावर खेकसले नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला तिसऱ्यांदा चुकीचा फोटो आणलेल्या काकांवरही नाही.

१८ जाने., रवि.
अक्षर घाण येणार, रागात लिहितेय.

आज बस्ता. दोन्ही घरची माणसं मुरबाडला कपड्याच्या दुकानात. गादीवर साड्यांचा ढीग. सासूबाई (होणाऱ्या) एक हिरवी साडी माझ्या खांद्यावर टाकून सगळ्यांसमोर म्हणाल्या,
"मंगळवारी दोन तास. बुधवारी अडीच. काल पण सकाळी सकाळी. लवकर उठते हां पोरगी. तसंच उठायचं तिकडं, फक्त चुलीपाशी."
मला कळेचना कसले तास.
"आमचा नितेश वाचून दाखवतो ना चहाच्या टायमाला. मोबाईलवर सगळा दिसतो. किती वाजता बसली, किती वाजता उठली."

दुकानदारसुद्धा हसला. आईनं मान खाली घातली, माझ्यामुळे. नि. बाहेर गाडी लावत होता. आत आला तर विचारतो कसा, "कुठली फायनल झाली?"

हिरवी. मला हिरवा रंग आवडत नाही.

१९ जाने.
फोन केला.
"तू माझे तास घरी वाचून दाखवतोस?"
"अगं, मस्करी. आई विचारते सून काय करते, मी सांगतो. कौतुकानं."
"हे कौतुक?"
"इतकं काय त्यात? लपवायसारखं काय करतेस का तू?"
नाही करत. म्हणूनच तर आयडी दिला होता ना, मेल्या. त्याच्या कंपनीच्या गेटवर उभं राहून, तो संडासात किती मिनिटं बसतो ते मी आत्याला कळवू का रोज? असं म्हणायचं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं. माझं नेहमी असंच होतं.

२० जाने.
केळवण. कुठलं ते लिहीत नाही, सगळी एकच आहेत. भिंतीला टेकून मोबाईलवर सेटिंग शोधलं. 'अदृश्य' असं एक बटण आहे. दाबलं. आता मी खेळले तरी नि.ला दिसणार नाही.

उद्यापासून खून.

२३ जाने.
खून निम्मा झाला. मस्त आहे. गावातला प्रत्येक माणूस खोटं बोलतो. नात्यातलेच वाटतात सगळे.

सकाळी सासूबाईंचा आईला फोन. आई आनंदात सांगत आली, "म्हणतात, पोरगी सुधारली. तीन दिवस झाले, हात नाय लावला त्या खेळाला."

सुधारली! मी रोज दोन तास खेळतेय, आणि सुधारले. एवढं सोप्पं आहे हे. दिसू द्यायचं नाही, बस्स. जन्मभर जमेल मला. जेवणाच्या सुट्टीत याच आनंदात दोन वडापाव खाल्ले.

२४ जाने.
सेंटरवर सारिकावहिनीचा फोन आला, बाहेर जाऊन घेतला. नि.च्या मोठ्या भावाची बायको, माझी होणारी जाऊ. बस्त्याच्या दिवशी एक शब्द बोलली नव्हती. हळू आवाज, मागे नळाचं पाणी सोडलेलं.
"तू ते दिसायचं बंद केलंस ना? मला म्हायती हाय तू खेळतेस. मला पण शिकव ना गो काय करायचं ते."
तुम्ही काय खेळता, विचारलं.
"खेळत नाय. ब्लाऊज शिवायचे व्हिडिओ बघते. आई बोलतात, मोबाईल बघून कोण शिवायला शिकतं? म्हणून लपून. मोबाईल गोणींच्या मागं ठेवते. आठ वर्षं झाली."
मग म्हणाली, "आता ती खोली तुमची होनार. गोणी हलवनार. मग मी कुठं बसू?"
राग नव्हता तिच्या आवाजात. खरंच विचारत होती. कोपरा सुचवशील का, असं.

सेंटरवर परत गेले आणि एका अर्जावर आईच्या नावाच्या जागी माझंच नाव टाइप केलं.

२५ जाने., रवि.
आठ वर्षं. मी परवा वडापाव खाऊन खूश झाले होते ते अशाच लपण्यावर.

आज मावशीकडे केळवण होतं. गेले नाही. सकाळी अकराला अदृश्य बंद केलं. पुन्हा दिसते मी, सगळ्यांना. खून अर्धा सोडला. चोर, जहाज, मांजर, रेल्वे, छोटे छोटे, लग्नाआधी उरकता येणारे सगळे बाद. सगळी छाटणीच चुकीची होती. मरायला टेकलेल्या माणसासारखी निवडत बसले होते मी.

राज्य सुरू केला. नव्वद तासांचा. पंधरा दिवसांत संपणं शक्य नाही. म्हणूनच.

आई दारात उभी राहून ओरडत होती. "मावशीनं कोंबडी कापली गो तुझ्यासाठी! काय तोंड दाखवू मी तिला?" कोंबडीचं वाईट वाटलं. मावशीचंही वाटलं, ती बरी आहे. पण उठले नाही. संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर उठले तेव्हा पाय लुळे पडले होते आणि मी दोन गावं जिंकली होती.

२६ जाने.
नि.चा मेसेज: काल सहा तास???
मी: सहा तास दहा मिनिटं. चहाच्या टायमाला नीट वाच.

२९ जाने.
आई चार दिवसांनी बोलली. तांदूळ निवडत, माझ्याकडे न बघता.
"सहा-सहा तास बसून मिळतं काय तुला?"
"कोणी हाक मारत नाय."
एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला मिळाले असते तर मी झोपले असते."
ताट घेऊन आत गेली. मी तिच्यावर गेला महिनाभर चिडले आहे, आणि अजूनही आहे. पण आज सकाळी तिच्या आधी उठून चहा मी ठेवला होता, ते बरं केलं असं वाटलं.

१ फेब्रु., रवि.
नि.ला फोनवर स्पष्ट सांगितलं. PC माझ्याबरोबर येणार. गोणींच्या खोलीत ठेवणार, आणि त्या खोलीत सारिकावहिनीलाही बसायला खुर्ची असणार. (खुर्ची कशाला ते सांगितलं नाही. ते तिचं आहे.) मी दिवसातून दोन तास खेळणार. त्याचा हिशोब कोणी चहाबरोबर वाचायचा नाही.
"आता लग्न आठवड्यावर आलं आणि तुझं हे काय?"
"लग्न आठवड्यावर आलं म्हणूनच."
"घरी विचारून सांगतो."
राज्य: एकोणीस तास झाले. मंत्री फितूर निघाला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटतच होतं.

३ फेब्रु.
काही फोन नाही. केळवणं संपली. नातेवाइकांत पसरलंय की पोरीला खेळाचं याड लागलंय. आत्यानं डोळखांबवरून कुणाच्या तरी हाती लिंबू पाठवलं, उतरवून टाकायला. आईनं ते सरबतात पिळलं. आई अशी वागेल असं वाटलं नव्हतं.

५ फेब्रु.
नि. संध्याकाळी बाईकवर आला. कंपनीतून सरळ, आयकार्ड गळ्यातच. ओट्यावर बसला. पाणी प्यायला. चेहरा खूश.
"झालं काम. आई हो म्हणाली."
"काय म्हणाली?"
"आण म्हणाली PC. फक्त बाहेरच्या खोलीत ठेवायचा. सगळ्यांसमोर. तुला लपवायचं नाहीच ना काय, मग झालं तर. आणि आई बसेल तिथंच, तिला पण बघायचंय काय असतं ते."

त्याला खरंच वाटत होतं की मी आनंदानं उडी मारेन.
"तुला काय वाटतं?"
"मला काय? आई हो म्हणाली ना."
"आईचं कळलं. तुझं काय?"
"अगं, मी एवढं भांडलो तुझ्यासाठी..."
"काय भांडलास ते सांग. काय म्हणालास तू?"
बाईकची चावी बोटात फिरवायला लागला. मग म्हणाला, "तू म्हणालीस तेच सांगितलं त्यांना."
"मी जे म्हणाले ते नको. तू काय म्हणतोस? बायको दिवसातले दोन तास दार लावून बसली तर तुला चालेल का? चालत असेल तर चालेल म्हण. नसेल तर नाही म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. पण तुझ्या तोंडानं म्हण."
तो आईकडे बघायला लागला. माझ्या आईकडे! कुणाचीही आई चालली असती त्याला. आई उठून आत गेली.

"मला विचार करायला लागेल," म्हणाला.
महिनाभरात पहिल्यांदा खरं बोलला. म्हटलं, कर. उद्या संध्याकाळी सातपर्यंत सांग. फोनवर नको, इथं येऊन. एकटा.
गेला. वळणावर एकदा थांबला, मला वाटलं परत येतोय. हेल्मेट घालत होता.

राग आहे, भीतीही आहे. तो नाही म्हणाला तर काय, आणि हो म्हणाला आणि नंतर विसरला तर काय. दहा घरचं जेवून झालंय, पत्रिका वाटून झाल्यात, हिरवी साडी फॉल लावून आली. आज राज्य उघडला नाही, मन लागेना.

आत्ता आई येऊन उभी आहे. मांडववाला फोनवर आहे, उद्या सकाळी बांबू आणून टाकू का विचारतोय.
म्हटलं, थांबायला सांग त्याला. उद्या सातनंतर कळवू.
आईनं फोन कानाला लावला आणि तसंच सांगितलं.