टायरचा दिवा विझेपर्यंत

सोमवार, ३ जून
पुतण्याचा, गार्थचा, ॲडलेडहून फोन. लाइल हॉस्पिटलमध्ये आहे आणि डॉक्टर म्हणतात आठवडे नाहीत, दिवसच उरलेत. बाबा तुमची वाट बघतायत काका, म्हणाला. उद्या पहाटे निघतो असं सांगितलं. डॉक्टरांचं फार मनावर घेऊ नये. तीस वर्षं आम्ही भावांनी एका बोटीवर शेवंड पकडली, त्याचा चिवटपणा मला ठाऊक आहे.

दुपारी पेट्रोल भरायला निघालो तर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. शनिवारी मासे धरायला किनाऱ्यावर गाडी नेली होती. वाळूत रुतू नये म्हणून हवा सोडली, ती परत भरायची राहिली. पंपावर हवेच्या यंत्रापाशी कॅरॅव्हॅनवाल्यांची रांग. पुस्तिका काढली. स्टिअरिंगखालचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. धरलं. दिवा गेला. सत्तरीतही डोकं शाबूत आहे.

मंगळवार, ४ जून
पहाटे तयार. इस्त्रीचा शर्ट. ग्लेनिसने सँडविच बांधले, गाडीत बसायच्या आधी टायरकडे पाहिलं आणि बसलीच नाही. मी म्हणालो, दिवा कुठे लागलाय?

"हवा नसतानाच बटण दाबलंस तू, डेस. एवढीच हवा बरोबर आहे असं शिकवून ठेवलंस गाडीला. आता ती कशाला तक्रार करेल?"

मुद्दा बरोबर, सूर चुकीचा. चाळीस वर्षांच्या संसारात हे नेहमीचंच. वादात सकाळ गेली. उद्या नक्की.

बुधवार, ५ जून
चारही टायरमध्ये मापून हवा भरली. बटण दाबलं. दिवा गेला. गावाबाहेर पडेपर्यंत पुन्हा हजर. परत फिरलो. ग्लेनिसचं म्हणणं, हवा आहे ना, मग लागू दे दिवा. अशानेच अपघात होतात. लाइलने स्वतः कधी इंजिन न तपासता बोट बाहेर काढली नाही.
गार्थचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. म्हणजे फोन वाजल्यावर गेलो.

गुरुवार, ६ जून
गॅरेज. कर्ट म्हणाला, एका चाकाचा सेन्सर मरायला टेकलाय, नवा लाँग वीकेंडनंतर येईल, टायर ठणठणीत आहेत, बिनधास्त जा. बिनधास्त जा म्हणणाऱ्या मेकॅनिकवर कोण विश्वास ठेवेल? शेजारच्या नोलाने स्वतःची गाडी देऊ केली. तिचा क्लच मला मानवत नाही.

ग्लेनिसने बॅग भरली. बसने निघाली. दारात एकदाच विचारलं, "येतोस?" मी म्हणालो, दिवा गेला की मागोमाग गाडी घेऊन येतोच, तिथे धावपळीला लागेल. तिने बॅग उचलली. फ्रीजमध्ये सूप आहे.

शनिवार, ८ जून
दिवा गेला! गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्यापर्यंत चक्कर मारली, तिथे आपोआप. पण अशा दिव्याचा भरवसा नाही, एक दिवस निरीक्षण हवं. संध्याकाळपर्यंत निरीक्षण केलं.

ग्लेनिसचा फोन. लाइल थोडा शुद्धीवर होता. डेस का नाही आला म्हणाला. तिने दिव्याचं सांगितलं तर हसला, मग बराच वेळ खोकला. म्हणाला, "त्याला सांग, मी रागावलो नाहीये. आई गेली तेव्हाही हा अंगणात जाळीच दुरुस्त करत बसला होता."

मी ग्लेनिसला म्हणालो, जाळी खरंच फाटली होती.

रविवार, ९ जून
धुकं. धुक्यात गाडी काढणं वेडेपणा. दहाला निवळलं, पण तोवर अर्धा दिवस गेल्यासारखाच.
गाडीत बसून त्याच्याशी काय बोलायचं त्याची तयारी केली. "काय रे म्हाताऱ्या" इथवर जमलं. पुढचं सुचेना. गार्थ सांगत होता, बाबा आता ओळखू येत नाहीत. मला भीती वाटते. मला ओळखू येणारा लाइल हवा आहे.
उद्या सुट्टी, रस्ता मोकळा असेल. उद्या.

सोमवार, १० जून
सकाळी लाइल गेला.

ग्लेनिसने त्याचा हात धरला होता. शेवटी त्याने विचारलं म्हणे, डेस निघाला का. ती म्हणाली, हो, वाटेतच आहे, टेलम बेंडपर्यंत आलाय, तिथून तासाभराचाच रस्ता. मग तो शांत झाला.

ग्लेनिस खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांत मला वाढदिवसाचा शर्टसुद्धा शोभतो म्हणून खोटं सांगितलं नाही तिने.

गाडी धुतली.

शुक्रवार, १४ जून
अंत्यविधी दुपारी. गाडी व्यवस्थित, दिवा बंद. किल्ली हातात घेतली आणि परत ठेवली. बसने गेलो. बस आमच्या कोपऱ्यावरूनच सुटते. अर्धी रिकामी होती. चालक म्हणाला, या दिवसांत अशीच असते, कधीही या, जागा मिळेल.

टेलम बेंडला थांबा होता. सगळे पाय मोकळे करायला उतरले. मी खिडकीशी बसून राहिलो. लाइल गेला तेव्हा, त्याच्या समजुतीप्रमाणे, मी इथपर्यंत आलो होतो.