झोपेतून न उठणारा लॅपटॉप

८ जून
सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली. नाशिकात दादा-वहिनीकडे राहते, त्यांना माहीत. सटाण्याला पप्पांना अजून सांगितलं नाही. कॉलेजपासून जी मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टिम वापरते, तिच्यावरच काम करायचंय. सुरुवात घरातूनच. माझा लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतो तो उठतच नाही. सगळे म्हणतात, नवा घे.

१९ जून
सापडलं. टचपॅड जागा व्हायच्या आतच सिस्टिम त्याच्याकडून उत्तर मागते, मग सगळंच अडकतं. थोडं थांबायला लावलं की चालतं. दुरुस्ती सिस्टिम सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. जगभरच्या लोकांना दिसणार.

२२ जून
दुरुस्ती परत आली. सिस्टिममधला टचपॅडचा भाग सांभाळणाऱ्या मार्ताबाई, कुठल्या देशातल्या कोण जाणे. लिहितात, "थांबल्यावर चालतं, हे कळलं. पण का?"
दिवसभर फुगून बसले. वहिनी म्हणाली, "मग सांग ना का ते. माहितीये का तुला?"
नाही माहीत.

३० जून
माहितीये. टचपॅड तयार झाला की खूण देतो. आपण ती वाचतच नव्हतो. उगाच थांबायचं नाही, खुणेची वाट बघायची. कारणासकट पुन्हा पाठवली.

६ जुलै
दुरुस्ती घेतली. पुढच्या आवृत्तीत जाणार. मार्ताबाईंचं एवढंच, "छान काम." दहा वेळा वाचलं.

११ जुलै
पप्पा आले. दादाकडून कळलं होतं.
"नोकरी सोडी दिधी, नि माले सांगं बी नई?"
लॅपटॉप समोर ठेवला. झाकण मिटलं, उघडलं. उठला. हे मी केलं म्हटलं. त्यांनी स्वतः मिटून उघडून पाहिलं, दोनदा. मग दुरुस्तीखालचं माझं नाव दाखवलं. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. वैशाली हिरामण... स्वतःच्या नावाशी बोट थांबलं.
"मनं नाव बी शे आठे?"
"पूर्ण नाव लिहायचं असतं, पप्पा."
जेवताना पगाराचं विचारलंच. नाही म्हटलं, अजून. पप्पांनी वाढलेलं सगळं खाल्लं, आणि निघताना दादाला म्हणाले, पुढच्या वेळी तिला ते नाव परत दाखवायला लाव.

२ ऑगस्ट
याच कामाचा पगार देणारी एक कंपनी आहे. मार्ताबाईंनी माझं नाव सुचवलं. आज मुलाखत. एका प्रश्नाला मी सरळ म्हणाले, माहीत नाही, शोधून सांगते. समोरचा माणूस हसला. चांगलं की वाईट, कळेना. कळवतो म्हणाला.
संध्याकाळी पप्पांचा फोन. "नोकरीचं व्हयनं का?"
"नाही अजून."
"मंग आते काय करस?"
"तेच काम."
"कर मंग."