इशिता कुणावर गेली

शारजा, १४ मे २००२

प्रिय मुग्धा,

फोनवर हे बोलता येणार नाही. आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि घरात सतत कुणी ना कुणी असतंच. शेजारची लतिका मिरजेला माहेरी निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देतेय. तिला यातलं काही माहीत नाही. मुली खेळायला गेल्या की एकटीने वाच. चंद्रहासरावांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांची तब्येत आता कशी आहे? सूज उतरली का? औषधं वेळेवर घेतात ना?

इशिताचं डोकं दुखतंय म्हणून मार्चमध्ये शाळेच्या नर्सनं बीपी पाहिलं, तर बरंच जास्त. बारा वर्षांच्या मुलीला! इथल्या रोला भागातल्या डॉक्टर हलिमांकडे नेलं. त्या हैदराबादच्या, बाई फार प्रेमळ. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. किडनीत दोन बारीक गाठी दिसल्या, पाण्याच्या. एवढ्याशा गाठी कुणालाही असू शकतात म्हणाल्या, आणि मग फॉर्म पुढे ओढून विचारलं, "खानदान में किसी को किडनी की तकलीफ? किसी को हो, तो इन गाठों का मतलब बिल्कुल अलग होगा." सुजीत लगेच म्हणाला, "नो, नो, नोबडी." तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं, आठ दिवसांपूर्वी आलेलं. त्यात तू लिहिलं होतंस की चंद्रहासरावांच्या किडन्या गाठींनी भरल्यात, त्यांच्या वडिलांनाही हेच होतं, हे रक्तातून येतं, आणि डॉक्टरांनी 'दोन्ही मुलींची' तपासणी करायला सांगितलीय. दोन्ही. बारा वर्षांत तुझी लेखणी एकदाही घसरली नाही गं. मी मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी फॉर्मवर रेघ मारली आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुजीत कामावर गेल्यावर मी एकटीच त्यांच्याकडे परत गेले. सांगितलं, माझ्या बहिणीच्या यजमानांना हा आजार आहे. त्या हसल्या. "बहन के शौहर को? उनका खून बच्ची में कहाँ से आया? आप बेकार परेशान हो रही हैं." पाठीवर हात ठेवून मला दारापर्यंत सोडायला आल्या. समोर टॅक्सी उभ्या होत्या, पण मी उन्हातून चालतच घरी आले. खरं तेच सांगून आले होते, पण अर्धंच, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तुला आठवतं का, आपण हे असं का केलं? मला मूल होणार नाही हे पक्कं झालं तेव्हा तुला सहावा महिना होता. तूच म्हणालीस, "ताई, हे तुझं." सांगलीच्या वकिलांनी सांगितलं होतं, रीतसर दत्तक घ्या, आपल्या कायद्यात दत्तक मूल म्हणजे पोटचंच. मी तर ओटीत घालून घ्यायच्या वेळी नेसायची साडीही काढून ठेवली होती. पण सुजीतच्या कंपनीत व्हिसाचं काम पाहणारा विजयकुमार म्हणाला, "मॅडम, इधर वो कागज नहीं चलता. बर्थ सर्टिफिकेट में आपका नाम मंगता." म्हणून त्या लहानशा नर्सिंग होममध्ये तुला माझ्या नावानं दाखल केलं. कळा तू दिल्यास, आणि रजिस्टरात बाळंत झाले मी. त्या एका कागदावर इशिता इथे आली, त्याच कागदावर दर तीन वर्षांनी तिचा व्हिसा होतो. सुजीत म्हणतो, "खरं सांगितलंस तर खोट्या दाखल्याची केस, नोकरी जाईल, खलास." तो वाईट नाही, मुग्धा. घाबरलाय. बीपीची गोळी चालू आहे ना, मग उकरायचं कशाला, असं म्हणतो आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभा राहतो.

आणि मी तरी किती धीराची? दर सुट्टीत आम्ही महिनाभर सांगलीत असायचो आणि तुझ्याकडे मात्र एक दुपार. तू तिच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढलीस की मी निघायची घाई करायचे. तुझ्या धाकटीच्या आणि हिच्या हसण्यात फरक नाही, म्हणून मी तुला हिचे हसरे फोटो कधी पाठवले नाहीत. तू मागितलेस, तर मी धुवायला दिलेत म्हणून लिहिलं. ते खोटं होतं. तुझ्या लक्षात आलंच असेल.

गेल्या महिन्यात शाळेत आनुवंशिकता शिकवली. कानाची पाळी, गालावरची खळी, कुणाचं कुणाकडून आलं याचा तक्ता करायचा होता. आमच्या दोघांच्या रकान्यांत काही जुळेना. "मम्मा, मी कुणावर गेलेय?" असं तिनं मराठीत विचारलं. एरवी ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी म्हटलं, आजीवर. तिनं ते लिहून घेतलं. त्यानंतर मला तिच्याकडे नीट बघवेना.

गेल्या शुक्रवारी सुजीत बर दुबईच्या देवळात गेला असताना मी तिला सगळं सांगितलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "डझ शी नो आय ॲम सिक?" मी म्हटलं, नाही. "देन टेल हर." बस. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी मी सुजीतलाही सांगितलं की आता तिला माहीत आहे. तो उठून बाल्कनीत गेला. काल ऑफिसातून आला आणि आमचे दोघींचे पासपोर्ट टेबलावर ठेवून आंघोळीला गेला.

आम्ही तीस जूनला पोचतोय. मिरजेत चंद्रहासरावांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. मी दवाखान्यापर्यंत येईन, पण बाहेर बाकावर बसेन. आत गेले आणि त्यांनी "आई कोण?" विचारलं, तर सवयीनं मीच बोलून जाईन, आणि पुन्हा सगळं चुकीचं लिहिलं जाईल. तेव्हा आत तू जा, तिला घेऊन. त्यांना सांग, ही माझी मुलगी आहे, हिच्या वडिलांना आणि आजोबांना हा आजार आहे. तिच्यासमोर सांग, घाबरू नकोस, तिला ठाऊक आहे. हे मागण्यासाठीच लिहायला बसले होते, मुग्धा.

तुझीच,
विभाताई