राहिलेली पाठ

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुला, तुझ्या बायकोला आणि लेकीला, चिमणीला. चिमणी आता नोकरीवर जाते, तिला अजून चिमणी म्हटलेलं आवडत नसेल. पण माझ्या तोंडात दुसरं काही बसत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की बाबा डोळे मिटतात आणि कान उघडतात. खोली एकच, त्यांची खाट दारापाशी. मी म्हणते "ठीक आहे", तू म्हणतोस "बरं", आणि फोन खाली. चिमणी फ्रॉक घालायची तेव्हापासून आपलं हेच चाललंय.

आधी बातम्या. पंपवाले काका गेले. खाण बंद झाल्यावर पंपही बंद केले, तेव्हा खाली पाणी भरायला लागलं. काका रोज विहिरीत वाकून पाहावं तसं खाणीच्या तोंडाच्या कठड्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "जन्मभर उपसलं, ते सगळं परत आलं बघ." शेवटी झोपेत गेले. खाणकामगाराला असं मरण येणं म्हणजे चैनच.

दुसरी बातमी म्हणजे आपल्या न्हाणीघराचं संग्रहालय केलंय. तेच, पाळी संपल्यावर सगळे अंघोळीला जायचे ते. फरशी घासून पांढरी केली आहे, इतकी पांढरी ती कधीच नव्हती. छताला कपडे टांगायच्या साखळ्या तशाच आहेत. खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटायच्या खोलीत माझा जन्म गेला म्हणून लोकांना माहिती सांगायला मलाच ठेवलंय. निळा गणवेश दिलाय. त्यात मी बस कंडक्टर दिसते.

मी सांगते ते असं: माणसाचा हात स्वतःच्या पाठीला पोचत नाही. म्हणून पुढे उभा असेल त्याची पाठ तुम्ही चोळायची, मागे असेल तो तुमची चोळतो. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. कालचा पोऱ्या असो की मुकादम, पाठ ती पाठ. लोकांना हे फार आवडतं. फोटो काढतात.

गेल्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, "आणि भांडण असलं तर?"

मी म्हटलं, "भांडण असलं तरी." आणि त्यांना पुढच्या दालनात नेलं.

घरी आले ती डोकं धरूनच. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे निदान कोळशावर पोट भरलेल्यांनी तरी विसरू नये. पण एकदा उगाळते. तुला माहीत असलेलंच लिहिते, कारण आपल्या घरात ते कोणी मोठ्याने म्हटलेलंच नाही.

खाणीचं छत कोसळून माणसं गेली, त्यानंतर संप झाला. छताला पुरेसे लाकडी टेकू हवेत आणि कोळसा कापताना धूळ दबावी म्हणून पाणी मारायची सोय हवी, एवढीच मागणी होती. बाबा पुढारी. हिवाळा आला तरी कोणी खाली उतरलं नाही. मग कंपनीने संपवाल्यांच्या बायकामुलांना आपल्या दवाखान्याचं दार बंद केलं. आणि चिमणीला न्यूमोनिया झाला. तिच्या ओठांचा रंग मी पाहिला आहे. तू दुसऱ्या दिवशी खाली उतरलास, त्याच दुपारी चिमणीला दवाखान्यात खाट मिळाली.

बाबा ओरडले नाहीत. संध्याकाळी फाटकापाशी सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "या माणसाच्या पाठीला कोणी हात लावायचा नाही."

संप मिटला. मागण्या अर्ध्यामुर्ध्या मिळाल्या. सगळे कामावर आले, न्हाणीघरात रांगेत उभे राहिले, आणि तुझ्या मागे जागा रिकामी राहिली. घरी तुझी बायको पाठ धुवायची, पण ते निराळं. तिथे सगळ्यांच्या देखत तू तोंड पांढरं आणि पाठ काळी घेऊन कपडे चढवायचास. वर्षाच्या आत तू गाव सोडलंस. आता शहरात लिफ्ट दुरुस्त करतोस. बाबांना मी ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे अजून पिंजऱ्यातच आहे." खाणीत उतरायचा पिंजरा मनात असणार; मला वाटतं तो विनोद होता.

आता फोनवर सांगत नाही ते.

बाबा ठीक नाहीत. छातीत धूळ इतकी साचली आहे की एक वाक्य तीन हप्त्यांत येतं. खाटेशेजारी ऑक्सिजनची नळकांडी आहे. मी त्यांना रोज पुसून काढते. तोंड, हात, पाय, सगळं करू देतात. पाठीची वेळ आली की म्हणतात, "राहू दे."

सुरुवातीला म्हणायचे, पाठ फार धुतली की कणा मऊ पडतो. जुने लोक म्हणायचे ना तसं. याच गोष्टीवर बाबा पूर्वी त्यांची टर उडवायचे. मी म्हटलं, म्हातारचळ आहे, जाईल. गेला नाही. आता पाठीची कातडी सोलवटायला लागली आहे. नर्सबाई स्पष्ट म्हणाल्या, "ही जखम आत गेली, तर छातीच्या आधी हीच घेऊन जाईल." आम्ही दोघींनी मिळून त्यांना वळवायचा प्रयत्न केला, तर खाटेची लोखंडी दांडी धरून बसले. त्या हातांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

परवा मी चिडले. म्हटलं, "बाबा, हा काय हट्ट? मरायचंय का?"

ते म्हणाले, "त्याची राहिली. माझीही राहू दे."

थोडा दम घेऊन तेच पुढे बोलले. "एकदा गेलो होतो. त्याच्या मागे. साबण हातात होता." मग धाप लागली. "सगळे बघायला लागले. मी पुढारी." आणि मग मला विचारलं, "धुतली असती, तर संप मोडला असता का गं?"

संप तेव्हा मिटलेला होता हे मला त्या क्षणी सुचलंच नाही.

धाकट्या, मी कोणाची बाजू घेत नाही. तो संप झाला म्हणून पुढच्या पोरांच्या वाट्याला धुळीवर मारायचं पाणी आलं, ती बाबांसारखी खोकत नाहीत. तू उतरलास म्हणून चिमणी आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका घरात मावलं नाही. मला तुम्हा दोघांचा राग येतो. आणि तुम्ही दोघं सोडून मला आहे कोण?

तुला बोलाव असं ते म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. ते खोटं मी लिहिणार नाही. मीच विचारलं, "त्याला कळवू का?" त्यांनी डोळे मिटले. मग दांडी धरून, धापा टाकत, स्वतःच कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, रागावले. नर्सबाई आल्या आणि थबकल्या. म्हणाल्या, "आपले आपण वळले? महिन्यात पहिल्यांदाच."

तेव्हापासून ते तसेच पडून आहेत, दाराकडे पाठ करून. मी हात लावायला गेले की अजूनही म्हणतात, "राहू दे." पण परत वळत नाहीत.

नर्सबाईंनी पाणी कोमट घ्यायला सांगितलंय आणि जोराने चोळायचं नाही. सुट्टी मिळेल तेव्हा नको, हे पत्र मिळेल तेव्हा नीघ. येताना काही आणू नकोस. साबण घरात आहे.

वाट पाहणारी,
ताई