नाळ कापली हो, आत्याबाई!

तीर्थस्वरूप आत्याबाईंना शुभांगीचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? सायखेड्यात नदीकाठी थंडी पडली असेल, शेकत जा. आवाज मात्र खणखणीत आहे. काल नाशिकच्या अख्ख्या प्रसूतिगृहाने ऐकला. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या भाच्याला, ललितला, माझा हात धरायला आत घेतलं होतं. त्याने धरला फोन. बाळ बाहेर आलं, रडलं, माझ्या पोटावर ठेवलं, आणि डॉक्टर सुवर्णाबाई नाळेला हात न लावता शांत उभ्या राहिल्या. माझं रक्त नऊ महिने कमीच (बीट, पालक, गूळ-शेंगदाणे सगळं गिळून), म्हणून त्यांनी आधीच समजावलं होतं की नाळेतलं रक्त बाळाचंच. एखाद-दोन मिनिटं थांबलं तर ते त्याला मिळतं आणि पुढचे काही महिने लोह कमी पडत नाही. तेवढ्यात स्पीकरवर तुम्ही! "अरे, डॉक्टरीणबाईला म्हण काप पटकन! मूळ नक्षत्र लागायला लय येळ नाय राह्यला. बापाला जड जाईल!" कारण तुमच्या गुरुजींच्या मते जन्म नाळ कापल्यावर धरायचा. (मग तोवर माझ्या पोटावर कोण रडत होतं, शेजारच्यांचं?) बापाचा चेहरा पांढराफटक. मला धड शुद्ध नव्हती, तरी ओरडले, "कात्रीला कुणी हात लावून तर बघा!" सुवर्णाबाई म्हणाल्या, "नाळ अजून धडधडतेय. ग्रहांना म्हणावं, जरा बाहेर बसा." शेवटी तुमचा भाचा, जो तुम्हाला अजून चळाचळा कापतो, फोनमध्ये म्हणाला, "कापली हो आत्या, कापली!" आणि फोन बंद केला. नाळ आपली निवांत चालूच होती. बाळ बघता बघता गुलाबी झालं, आणि मला रडू आलं.

तुमची,
शुभांगी

ता. क. सकाळीच मोबाईलवर पत्रिका आली. ललितच्या थापेवरून गुरुजींनी राजयोग काढलाय! खरी नाळ कापली तेव्हा घड्याळ कुणीच पाहिलं नाही. बाप सुखरूप आहे, आत्ताच दोन वडापाव खाऊन आला. तेव्हा शांतीबिंती नको, तुम्हीच या. आई येवल्याला पाय मोडून पडलीय, आणि बाळंतिणीचं तुमच्याइतकं कुणाला जमत नाही, हे अगदी मनापासून.

आणखी एक. पत्रिकेवर 'सुपुत्र' लिहिलंय. कालपासून इतके फोन केलेत. वेळ विचारलीत, नक्षत्र विचारलंत. मुलगी झाली, आत्याबाई. आणि मीही जिवंत आहे.