पुढचा भाग बार्सिलोनाला, मागचा भाग तुलोनला

९ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने डोकं गंजू देऊ नये. एकतीस वर्षं ब्रसेल्सच्या दक्षिण स्टेशनात गाड्यांच्या घोषणा केल्या. तीन भाषांत, एकदाही घसा न खाकरता. आता तिथे रेकॉर्ड केलेली बाई बोलते. आवाजात जीव नाही. असो.

लीसबेथचं लग्न ठरलं. सात जून, शनिवार, दुपारी साडेबारा, माद्रिद. जावई इन्यीगो, दातांचा डॉक्टर. फोनवर लेक म्हणाली, पप्पा, तुझा हात धरून आत जायचंय मला, येशील ना नक्की? हा काय प्रश्न झाला! तिच्या पदवीदानाला जाता आलं नव्हतं हे खरं. पण तेव्हा रेल्वेचा संप होता. संपाला बाप काय करणार?

संकल्प: माद्रिदला रेल्वेनेच जायचं. विमान म्हणजे धूर, धक्काबुक्की आणि हरवलेल्या बॅगा. भीतीचा प्रश्नच येत नाही. गोडेलीव उगाच तसं म्हणते. बायकोच ती.

२० एप्रिल, ईस्टर

जेवायला मेहुणा लांबेर. मटण कापता कापता मी सगळा प्रवास घोषणेच्या आवाजात म्हणून दाखवला. ब्रसेल्स सात तेरा. पॅरिस आठ पस्तीस. मेट्रोने दुसऱ्या स्टेशनात. नऊ बेचाळीसची बार्सिलोना. तिथून माद्रिद, रात्री आठ पंधरा. एका दिवसात दोन राजधान्या, नव्हे तीन, पॅरिस धरून. टेबलावर शांतता. भारावले असावेत.

लांबेर म्हणाला, दाजी, आम्ही गुरुवारी विमानाने जाऊन, जेवून, झोपून, उठून पुन्हा जेवायला बसू, तरी तुम्ही घरीच सॅंडविच बांधत असाल. सगळे हसले. हसू देत.

गोडेलीव म्हणते, निदान गुरुवारची गाडी धर, एक दिवस हाताशी राहील. मी म्हणालो, हाताशी दिवस ठेवणं म्हणजे वेळापत्रकाचा अपमान. शुक्रवारीच निघणार.

१८ मे, रविवार

लग्नाच्या कार्डाचा मजकूर तपासून देतो म्हणून लेकीला कळवलं. वेळा आणि नावं छापताना लोक हमखास चुकतात. ती म्हणाली, कार्डं छापून झाली पप्पा, तू आल्यावरच बघ. आवाज जरा वेगळा वाटला. भावुक झाली असेल. स्पेनमध्ये वधूला आत घेऊन जाणाऱ्याचं नाव कार्डावर छापतात, असं इन्यीगोच्या आईने सांगितलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावांची नावं बोललो. आता आपलं नाव छापील. चष्म्याचा नंबर बदलून आणला.

फोन ठेवताना म्हणाली, आणि हे बघ, ताण घेऊ नकोस, नाही जमलं तरी मी समजून घेईन. खोडकर आहे. माझ्यावर गेली.

१ जून, रविवार

आईची लेसची ओढणी कपाटातून काढली. चार मीटर, हाताने विणलेली. आई ती घालून बोहल्यावर चढली, तिची आईही. लीसबेथला हीच हवी आहे. गोडेलीव म्हणाली, माझ्याकडे दे, मी मांडीवर ठेवून नेते. साफ नाही म्हटलं. विमान कंपन्यांच्या हाती आईची ओढणी? ती रेल्वेनेच जाईल, माझ्यासोबत.

ओढणीच्या पेटीला चिठ्ठी चिकटवली, तीन भाषांत: नाव, लग्नाचा पत्ता, वेळ, लेकीचा फोन, 'ही बाजू वर'. गोडेलीव म्हणाली, एवढ्या चिठ्ठीवर तर पेटी एकटीच पोचेल. मी हसलो नाही.

५ जून, गुरुवार

गोडेलीव आणि लांबेर विमानाने गेले. दुपारी फोन आला, पोचलो, ऊन आहे, ऑलिव्ह खातोय. असेल.

माझं तिकीट: डबा ८, आसन ५२. पाच वेळा पाहिलं.

६ जून, शुक्रवार

सकाळी ७.१३. निघाली. सेकंदाचाही फरक नाही. डोळे भरून आले. गुळगुळीत धावते, कॉफी हलत नाही. इतकी वर्षं या गाड्यांना निरोप दिला, बसलो कधीच नव्हतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

९.४२. पॅरिसहून निघालो. दोन गाड्या जोडून एक केली आहे. डबे १ ते ८ पुढे, बार्सिलोनाला. ११ ते १८ मागे, तुलोनला. व्हॅलेन्सला सुटतात. एका भागातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. शेजारी मादाम रुसेल, औषधांच्या दुकानातून निवृत्त, बार्सिलोनाला बहिणीकडे निघालेल्या. त्यांना हे सगळं समजावलं. पुन्हा समजावलं. त्या म्हणाल्या, महाशय, मी वर्षातून चारदा जाते. तरी तिसऱ्यांदा समजावलं, माणसं ऐकतात पण लक्ष देत नाहीत.

११.५०. आता व्हॅलेन्स. गाडी दुभागण्याची घोषणा माझ्या आयुष्यात हजारो वेळा केली. 'प्रवाशांनी आपण योग्य भागात असल्याची खात्री करून घ्यावी.' पण दोन गाड्या सुटताना डोळ्यांनी कधी पाहिल्या नाहीत. नऊ मिनिटांचा थांबा आहे. माझा डबा जोडाला लागूनच. दोन मिनिटं उतरून फोनवर चित्रण करतो. लेकीला दाखवीन.

१२.०५. अप्रतिम! दोन नाकं एकमेकांपासून अलगद सुटली. चित्रण उत्तम. फलाटावरच्या दोघा तरुणांना सगळं समजावत होतो. त्यात स्टेशनची घोषणा नीट ऐकू आली नाही, पण त्यात ऐकण्यासारखं नव्हतंच, सपाट आवाज. शिट्टी झाली, जवळच्या दारातून चढलो. आसन ५२ वर कुणी भलताच गृहस्थ बसलेला. तिकीट दाखवून उठवला. तो काहीतरी पुटपुटत होता. मी म्हटलं, एकतीस वर्षं रेल्वेत काढली आहेत. उठला बिचारा.

मादाम रुसेल दिसत नाहीत. पेटीही दिसत नाही. त्यांनी वर फळीवर ठेवली असेल.

खिडकीतून फलाटावरचा फलक दिसतो. 'बार्सिलोना' पुसलं गेलं, 'तुलोन' राहिलं. चुकीचा फलक! असं आमच्याकडे झालं असतं तर बोंब झाली असती. तक्रार लिहायला घेतो.

१२.३१. फलक बरोबर होता.

१२.४०. आसन ५२ त्या गृहस्थाचंच. डबा ११. त्याने उलट मलाच पाणी दिलं. तिकीट तपासणारी मुलगी आली, लेकीच्याच वयाची. म्हणाली, काका, अशा गाडीने पहिल्यांदाच निघालात वाटतं? होतं असं, घाबरू नका. मी म्हणालो, हो, पहिल्यांदाच. तिने विचारलं, काय काम करायचात? सुतार, असं सांगितलं.

सुतार का म्हणालो? तोंडातून निघून गेलं. एकतीस वर्षांची नोकरी एका शब्दात नाकारली.

१३.२०, आविन्यों. उतरलो. आजची बार्सिलोनाची दुसरी गाडी भरलेली. उद्या सकाळच्या गाडीने माद्रिद, पण दुपारी चार दहाला. लग्न साडेबाराला. मार्सेच्या विमानतळावरून संध्याकाळी ६.५५ ला थेट विमान आहे. जागा आहेत.

लेकीला फोन. सगळं सांगितलं, म्हणजे गाडीत थोडा तांत्रिक घोळ झाला असं. ती म्हणाली, पप्पा, विमान आहे ना? मी म्हणालो, अर्थात. अर्थातच. निघालोच.

१७.३०, विमानतळ. तिकीट हातात. मिस्त्राल वारा सुटलाय, बाहेरची झाडं वाकली आहेत. अशा वाऱ्यात विमान उडवणं शुद्ध बेजबाबदारपणा. तरी जाणार. लेकीसाठी जाणार. संकल्प: डोळे मिटून बसायचं, वेळापत्रक म्हणत राहायचं.

१८.२५. रांग सुरू. माझ्यामागे तेवीस माणसं. एक बाई, कडेवर मूल, म्हटलं तुम्ही पुढे व्हा. मग एक म्हातारं जोडपं. मग सगळेच. सौजन्य म्हणून.

१८.४३. रांगेत मी एकटाच. गेटवरचा माणूस म्हणाला, महाशय, येताय ना? मी म्हणालो, बुटाची नाडी बांधतो. बांधली. दुसरीही बांधली.

१८.५०. दार बंद केलं. माझ्याकडे बघून, अगदी हळू.

१९.०५. विमान उडालं. वाऱ्याला न जुमानता, सरळ. काचेतून दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. इतक्या वाऱ्यात इतकं सरळ उडायला नको होतं.

लेकीला फोन करवला नाही. लिहून कळवलं: वाऱ्यामुळे उड्डाण रद्द.

१९.४०. तिचं उत्तर. 'बरं पप्पा. जपून ये. ओढणी पोचतेय. कुणी मादाम रुसेल यांनी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. बहिणीकडे जायचं सोडून त्या स्वतः माद्रिदला निघाल्यात.'

मी तिसऱ्यांदा समजावलं तेव्हा जागा बदलून मागणार अशी दिसलेली बाई.

७ जून, शनिवार

९.५०. रात्री आविन्योंला परतलो, आता माद्रिदच्या पहिल्याच गाडीत बसलो आहे. डबा ३. चढण्यापूर्वी तिघांना विचारलं.

१२.३०. डब्यातल्या पडद्यावर वेग: ताशी २९८ किलोमीटर. कधी नव्हे ते वाटलं, आणखी जोरात का नाही जात. बाहेर द्राक्षांचे मळे. आता ती आत शिरत असेल. उभा राहिलो. बसून राहणं बरं दिसलं नसतं. समोरच्या माणसाने विचारलं, उतरायचंय का? म्हटलं, नाही, माझ्या मुलीचं लग्न आहे. तो म्हणाला, अरे वा, कधी? मी म्हणालो, आत्ता.

१६.१०, माद्रिद. वेळेवर. एक मिनिट आधीच, खरं तर.

१७.००. वरातीमागून घोडं, लांबेर मला पाहताच म्हणाला. पण मिठी मारली, सोडेना. इथलं जेवण संध्याकाळपर्यंत चालतं, म्हणून ताटावर बसायला तरी मिळालं. लीसबेथ ओढणीत. आईसारखी दिसते. मादाम रुसेल मानाच्या टेबलावर, माझ्याच खुर्चीत, कोळंबी सोलत. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, महाशय, पुढचा भाग बार्सिलोनाला, मागचा तुलोनला, तीनदा सांगितलं होतंत, मी लक्षात ठेवलं. अख्खं टेबल हसलं. गोडेलीव हसली नाही. ती म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग माझ्या ताटात मासा वाढला, काटे काढून.

लेकीने गळ्यात हात टाकले. विमानाविषयी काही बोलली नाही. मीही वाऱ्याविषयी बोललो नाही. लग्नाच्या घरात हवामानाच्या गप्पा कशाला.

८ जून, रविवार

हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर कार्ड पडलेलं होतं. जाड कागद, उठावाची अक्षरं. नवा चष्मा घातला. 'वधूला घेऊन येणार: लांबेर, वधूचे मामा.'

शुक्रवारी संध्याकाळी बदलून घेतलं असणार. एका रात्रीत एवढी सुबक छपाई! स्पेनचे छापखाने कार्यक्षम आहेत, कबूल केलं पाहिजे.

कार्ड उलटं केलं. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव, आणि 'मे'.

पुन्हा वाचलं. 'मे'च.

लीसबेथ कॉफी घेऊन आली, माझ्या हातातलं कार्ड पाहिलं आणि खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, पप्पा, मार्चमध्ये तुला विचारलं तेव्हा मनापासून विचारलं होतं. मग तू वेळापत्रक वाचून दाखवलंस ईस्टरला, आईने फोन समोर धरला होता, मी सगळं ऐकलं. तेव्हाच कळलं, तू वेळेवर पोचणार नाहीस. मामाला सांगून ठेवलं, म्हटलं पप्पा आला तर तू बाजूला हो, कार्ड गेलं खड्ड्यात. शेवटच्या मिनिटापर्यंत दाराकडे बघत होतो आम्ही.

मी म्हणालो, अगं, तो मिस्त्राल... ती म्हणाली, पप्पा. त्या विमानाने इन्यीगोची मावशी आली. सांगत होती, एका सभ्य गृहस्थाने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मला तेव्हाच कळलं कोण ते.

कॉफी गार झाली. ती म्हणाली, मी रागावले नाहीये. पण एक विचारू? माझ्या पदवीदानाच्या वेळी मी रेल्वेची साइट उघडून बघितली होती. सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. तेव्हाही तू बूट बांधत होतास का?

मी म्हणणार होतो की फ्रान्सच्या बाजूला काहीतरी होतं, सिग्नलचं काहीतरी. तोंड उघडलं. घसा खाकरला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने वाट पाहिली. मग हातातल्या तळलेल्या गोड चुरोचा अर्धा तुकडा माझ्या बशीत ठेवला आणि पाहुण्यांना निरोप द्यायला गेली.

तिच्यासमोर जमलं नाही. म्हणून इथे लिहितो, एकाच भाषेत.

संप नव्हता.